वाचक विचारतात: शहराची बस, कायदा मात्र राज्याचा

प्रश्न: मुलीकडे शिकागोला चार महिने राहून आले, बसने ट्रेनने भरपूर फिरले. एकाच भागात सीटीए, मेट्रा, पेस अशी तीन नावं आणि कुणालाही काही विचारलं की म्हणे ते स्प्रिंगफील्डला ठरतं. अहो, शहराची बस शहरानेच चालवायची ना? आणि मधे ज्येष्ठांना तिकीट माफ होतं ते बंद का झालं?

उत्तर: ताई, तिकडे शहराला अधिकार मिळतात ते राज्य देईल तेवढेच (काही राज्यं हात जरा सैल सोडतात, तो भाग वेगळा). शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे त्याची राजधानी स्प्रिंगफील्ड, आणि सीटीए (शिकागो शहराची बस-ट्रेन सेवा) जन्मालाच आली 1945 च्या राज्याच्या कायद्यातून. बोर्डावर बरीच वर्षं सात जण असायचे, त्यातले चार महापौरांचे आणि तीन राज्यपालांचे, म्हणजे घर शहराचं पण एक किल्ली राज्याकडे. पुढे उपनगरांचा प्रश्न आला म्हणून 1974 ला सहा काउंटींत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे भाग) मतदान घेऊन आरटीए ही सगळ्या भागाची वाहतूक संस्था काढली, तेही शिकागोच्या मतांवर जेमतेम पास झालं, आणि 1983 च्या सुधारणेत उपनगरी ट्रेन मेट्राकडे, उपनगरी बस पेसकडे, शहर सीटीएकडे आणि तिघांच्या वर पैशाची पिशवी धरून आरटीए. तुमची तीन नावं ती हीच.

खरी मेख पैशाच्या कलमात होती. रोजच्या खर्चातला निम्मा पैसा तिकिटं, जाहिराती असल्या स्वतःच्या कमाईतून उभा करायचा, असं कायद्यातच लिहून ठेवलेलं होतं. ऐकायला शिस्तीचं वाटतं, पण प्रवासी घटले की मॅनेजरच्या हातात दोनच गोष्टी उरतात, भाडं वाढव नाहीतर फेऱ्या काप, आणि फेऱ्या कापल्या की बस अर्धा तास येत नाही, मग उरलेलेही गाडी काढतात. कोविडमधे लोक घरी बसले तेव्हा ही अट बाजूला ठेवावीच लागली.

आता तुमचं माफ तिकीट. जानेवारी 2008 मधे या सेवांसाठी सेल्स टॅक्स वाढवायचं बिल राज्यपाल रॉड ब्लागोयेविच यांच्या टेबलावर आलं, ते म्हणाले 65 वरच्या सगळ्यांना प्रवास मोफत करा तरच सही करतो. झालं की! म्हणजे ज्या बिलाने तिजोरी भरायची त्याच बिलाने तिला भोक पाडलं. 2011 मधे ती सवलत फक्त कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांपुरती ठेवली. बाकीच्यांना अजून कमी भाडं पडतं ते केंद्राच्या कायद्यामुळे, फेडरल पैसा घेणाऱ्या सेवेला गर्दी नसलेल्या वेळी ज्येष्ठांकडून निम्म्याहून जास्त घेता येत नाही.

आणि ऑक्टोबर 2025 च्या शेवटी विधिमंडळाने सगळा पटच बदलला, आरटीएच्या जागी वीस जणांच्या बोर्डाची नॉर्दर्न इलिनॉय ट्रान्झिट ऑथॉरिटी आणि भाडं ठरवायचा अधिकार तिच्याकडे. सीटीए, मेट्रा, पेस ही नावं काही पुसली नाहीत. वीस माणसं एका टेबलाशी बसून भाड्यावर एकमत करणार, हे मला तरी जरा अवघडच वाटतं.

प्रश्न: न्यूयॉर्कची सबवे संपाने बंद पडल्याचं फारसं ऐकू येत नाही. तिथले कर्मचारी इतके समाधानी आहेत का?

उत्तर: समाधानी कसले, कायदा आडवा येतो! 1966 च्या जानेवारीत बारा दिवस संप झाला आणि पुढच्याच वर्षी राज्याने टेलर कायदा आणला, सरकारी नोकरांना संपच बेकायदा. संपावर गेलात तर त्या दिवसाचा पगार नाहीच, वर आणखी एका दिवसाचा दंड. तरी डिसेंबर 2005 मधे ऐन थंडीत तीन दिवस गाड्या उभ्या राहिल्या, लोक ब्रुकलिन ब्रिजवरून चालत कामाला गेले, आणि युनियनला 25 लाख डॉलरचा दंड बसला, अध्यक्षांना काही दिवस तुरुंगातही जावं लागलं.