कुलूप सगळ्यांचं एक, किल्ली ज्याची त्याची

प्रश्न : मी एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. ग्राहकांची माहिती कुलूपबंद ठेवण्यासाठी सर्वमान्य मानकं वापरायची की स्वतःची पद्धत बनवायची, यावर आमच्याकडे वाद चाललाय. वरिष्ठ म्हणतात, ‘सगळ्यांनी एकच कुलूप लावलं, तर ते एकाला उघडता आलं की सगळ्यांचीच दारं उघडी.’ मला हे पटत नाही, पण उत्तर सुचत नाही.

उत्तर : तुमच्या वरिष्ठांची शंका रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कुलूप एकाच बनावटीचं असलं तरी किल्ली प्रत्येकाची वेगळी असते. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञांनी १८८३ मध्येच लष्करी गुप्तलेखनाबद्दल लिहून ठेवलंय, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी काही बिघडता कामा नये. लपवायची ती किल्ली.

‘स्वतःची पद्धत’ मी एकदा अगदी जवळून पाहिली. एका कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे तपासणीला आलं होतं. सोबतच्या कागदात लिहिलं होतं, ‘डेटा आमच्या खास तंत्राने सुरक्षित आहे, तंत्र उघड करता येणार नाही.’ मी नुसती शून्यं भरलेली एक फाईल बनवली आणि त्या तंत्रातून काढली. बाहेर आली ती दहा अक्षरं, एकामागून एक, तीच ती, फाईल संपेपर्यंत. ते तंत्र मूळ माहितीत किल्लीची अक्षरं मिसळत होतं, आणि शून्यात किल्ली मिसळली की किल्लीच उरते. त्या दहा अक्षरांनी सगळ्या ग्राहकांच्या फायली उघडत होत्या. ते लिहिणारा प्रोग्रॅमर हुशार होता, याचं मला आजही वाईट वाटतं. त्याचं काम दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून गेलंच नव्हतं.

आता एईएस, म्हणजे माहिती कुलूपबंद करण्याची आज सर्रास वापरली जाणारी मानक पद्धत, कशी ठरली ते पाहा. त्याआधीचं डीईएस हे १९७७ चं मानक. त्याची किल्ली ५६ बिटांची, म्हणजे ५६ शून्य-एकांची. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने खास यंत्र बांधून ती ५६ तासांत शोधून दाखवली. तोवर अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, नव्या पद्धतीसाठी जाहीर आवाहन केलेलं होतं. १५ पद्धती स्पर्धेत उतरल्या. स्पर्धकच एकमेकांच्या पद्धती फोडायच्या मागे लागले आणि कुठे काय कच्चं आहे ते चारचौघांत मांडलं गेलं. त्यातून २००० मध्ये योआन दामन आणि विन्सेंट रायमेन या बेल्जियमच्या दोघांची पद्धत निवडली गेली, २००१ मध्ये ती मानक झाली. तुमच्या कंपनीतली चार हुशार माणसं वर्षभर बसली तरी एवढी झाडाझडती होणार नाही.

मानकं चुकतात का? चुकतात. वायफायसाठी १९९७ मध्ये आलेलं डब्ल्यूईपी मानकच होतं. त्यात माहितीच्या प्रत्येक पाकिटाबरोबर (तुकड्याबरोबर) किल्लीला जोडला जाणारा, बदलता आकडा अवघा २४ बिटांचा, म्हणून वर्दळीच्या नेटवर्कवर तो काही तासांतच पुन्हा यायचा आणि कुलूप कच्चं पडायचं. २००१ मध्ये ते फोडण्याची रीतच प्रसिद्ध झाली. पण दोष सगळ्यांचा सामाईक होता, म्हणून तो सगळ्यांना कळला आणि दोन-तीन वर्षांत त्याच्या जागी डब्ल्यूपीए व डब्ल्यूपीए२ ही नवी मानकं आली. माझ्याकडे आलेल्या त्या दहा अक्षरांचा पत्ता मात्र बाहेर कुणालाच नव्हता. २०१४ च्या हार्टब्लीड या गाजलेल्या त्रुटीचं उदाहरण वरिष्ठ देतील. तिथे चूक मानकात नव्हती, मानक अमलात आणणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या, म्हणजे अनेकांनी वापरलेल्या तयार कोडमध्ये होती. असंख्य सर्व्हर एकदम उघडे पडले, हे मात्र खरंच.

शिवाय दुसऱ्याची हयगय आपल्यालाही भोवते. २०१६ मध्ये मिराई या व्हायरसने कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले ठरावीक पासवर्ड वापरून. त्या उपकरणांकडून मागण्यांचा मारा ऑक्टोबरमध्ये डिन या, साइट्सचे इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर झाला आणि ट्विटरसारख्या मोठमोठ्या साइट्स कित्येकांसाठी काही तास बंद पडल्या. साइट चालवणाऱ्यांचा आणि त्या कॅमेऱ्यांचा काही संबंध नव्हता. सगळ्या उपकरणांना एकच पासवर्ड असता कामा नये, असं युरोपच्या ईटीएसआय या मानक संस्थेच्या मानकाने २०२० मध्ये सांगितलं. इतकी साधी गोष्ट लिहून ठेवायला एवढी वर्षं लागली, याचा मला राग येतो.

तेव्हा पद्धत मानकातली घ्या, आणि ती अमलात आणणारी लायब्ररीही वापरात मुरलेली, वेळच्या वेळी दुरुस्त होणारी घ्या. तुमच्या लोकांचं डोकं किल्ल्या कुठे ठेवायच्या, कुणाच्या हाती द्यायच्या, कधी बदलायच्या यात लावा. तिथे भरपूर काम पडलंय. आणि घरगुती पद्धत तयार झालीच असेल, तर पुढच्या बैठकीआधी शून्यांची एक फाईल तिच्यातून काढून पाहा. आलेली अक्षरं गिचमीड दिसली म्हणून पद्धत भक्कम ठरत नाही. पण तीच अक्षरं पुन्हा पुन्हा दिसली, तर तो कागद वरिष्ठांच्या टेबलावर ठेवा.