विकता येणार नाही असं घर

प्रश्न : आमच्या इमारतीसमोरच्या फूटपाथवर दोन कुटुंबं कित्येक वर्षं राहतात. अतिक्रमणवाल्यांची गाडी येते, सामान उचलून नेते, चार दिवसांनी ती पुन्हा तिथंच. सरकार अशांना फुकट घरं देतं आणि ती विकून हे लोक परत रस्त्यावर येतात, असं ऐकतो. इकडे माझा मुलगा बदलापूरच्या वन बीएचकेचे हप्ते अजून सोळा वर्षं भरणार आहे. ठिकठिकाणी रात्रनिवारे बांधले तर पुरणार नाही का?
– एक वाचक, दादर

उत्तर : हप्त्याचं आधी बोलू, कारण खरी ठसठस तिथं आहे आणि ती रास्त आहे. पण सरकार मुलालाही अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. जुन्या करपद्धतीत गृहकर्जाच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. ती सवलत कोणी ‘फुकट’ म्हणत नाही, एवढंच.

तुमच्या समोरच्या कुटुंबांना मात्र बहुधा काहीच मिळालेलं नसणार. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीचा राहण्याचा पुरावा लागतो. २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून. पुरावा असतो ट्रंकेत आणि ट्रंक जाते त्या गाडीत. मग साहेब विचारतात, कागद कुठाय?

आता रात्रनिवारे. केंद्राच्या योजनेनं निकष ठरवला होता, शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १.२४ कोटी होती. म्हणजे सव्वाशे निवारे हवेत, आणि आपण त्याच्या जवळपासही नाही. समजा, उद्या सगळे बांधून झाले, तरी जागा होईल साडेबारा हजारांची. त्याच जनगणनेत शहरातले बेघर मोजले होते ५७ हजारांवर.

आणि निवाऱ्यात जाणार कोण? मी फूटपाथवरच्या बायकांबरोबर बरीच वर्षं काम केलं. त्यातली एक बोहारीण होती. जुन्या कपड्यांचं बोचकं आणि भांड्यांची पाटी, हा तिचा सगळा धंदा. निवाऱ्यात बोचकं आत घेत नव्हते, नवऱ्याची सोय दुसऱ्या इमारतीत आणि चौदा वर्षांच्या मुलाचं काय करायचं ते कुणालाच सांगता येईना. “ताई, रात्रीपुरती बायको आणि रात्रीपुरती आई कशी होऊ?” असं म्हणून ती परत आपल्या पुलाखाली गेली. आजारी, एकटा, नुकताच गाडीतून उतरलेला माणूस यांच्यासाठी निवारा हवाच. संसार तिथं मांडता येत नाही.

‘विकून परत येतात’ हे मी नाकारणार नाही. काहीजण विकतात. पण घर कुठं दिलं होतं, तेही विचारा. जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडून हजारो कुटुंबं माहुलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेली. लोक हवेनं आजारी पडत होते. २०१९ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं, तिथं राहायचं नसेल त्यांना महिना पंधरा हजार रुपये भाडं द्या. याउलट भायखळ्याच्या फूटपाथवरच्या ‘महिला मिलन’ या बचत-संघटनेच्या बायकांनी पैपैसा साठवला, खोली कशी हवी ते स्वतः ठरवलं आणि मानखुर्दला मिलन नगर उभं केलं. १९८५ च्या फूटपाथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं होतं की माणूस तिथं राहतो तो कामाजवळ राहता यावं म्हणून. (हटवायला परवानगी दिली, तो भाग वेगळा.)

माझं म्हणणं असं, की आपण मालकीच्या मागे लागून फसलो. द्यायचं तर मालकीचं, नाहीतर फूटपाथ. मधलं भाड्याचं, सरकारी, कामाजवळचं घर आपण विसरलो. आणि ही काही परदेशी कल्पना नाही. तुमच्या दादरच्या शेजारीच नायगावला बीडीडी चाळी आहेत. १९२० च्या दशकात सरकारनं वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला २०७ चाळी बांधल्या, प्रत्येकीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, भाड्यानं. गिरणगावच्या पिढ्या त्यात वाढल्या. सुरुवातीला वरळीच्या खोल्या रिकाम्या पडल्या होत्या, लोकांना त्या कामापासून लांब वाटत. म्हणजे माहुलचा धडा शंभर वर्षं जुना आहे.

आजचं उदाहरण फिनलंडचं. १९८० च्या दशकात तिथं पंधरा हजारांवर बेघर होते. २००८ पासून त्यांनी क्रम उलटा केला. आधी दारू सोड, नोकरी शोध, मग घर, असं न म्हणता आधी स्वतःच्या नावाचा भाडेकरार आणि मग बाकीची मदत. हेलसिंकीतला साल्वेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेचा मोठा निवारा मोडून त्याच इमारतीत ८१ छोटी घरं केली. भाडं प्रत्येकजण भरतो, कमी पडलं तर सरकारी साहाय्य. करारावरचं घर विकायचं कसं? २०२३ पर्यंत बेघर साडेतीन हजारांच्या खाली आले. मग भाडे-साहाय्याला कात्री लागली आणि २०२४ मध्ये आकडा पुन्हा वर गेला. अख्खा देश मुंबईच्या निम्म्याहून लहान, हेही खरं. आपल्याला तेवढं सोपं जाणार नाही. पण तुमच्या मुलालाही दादर-परळला परवडणारी सरकारी भाड्याची खोली असती तर तो बदलापूरला गेला असता का, हे त्याला विचारून पाहा.

तोवर एक काम तुमच्या हातातलं आहे. त्या दोन कुटुंबांतल्या मोठ्यांची नावं मतदार यादीत आहेत का बघा. नसतील तर नमुना ६ भरून द्या. बेघरांकडे पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन माणूस खरंच तिथं झोपतो का ते पाहतो. तो येईल तेव्हा तुम्ही खाली उतरून सांगा, हो, मी यांना इतकी वर्षं बघतोय.