नवी टाकी, दुधाळ पाणी

प्रश्न : दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी. नळाचं नर्मदेचं पाणी भरून दुसऱ्याच दिवशी बारा मासे सोडले. पाणी दुधाळ झालं, पाच दिवसांत सात गेले. काय चुकलं? – एक वाचक, इंदूर

उत्तर : घाई. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर अमोनिया मासे मारतो. दुधाळपणा दुसऱ्याच जिवाणूंचा. तो आपोआप निवळतो, त्यासाठी टाकी धुऊ नका.

उरलेल्या पाचांना दिवसाआड चिमूटभरच खाणं द्या आणि रोज पाव पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन सोडियम थायोसल्फेटने आधी मारा, नाहीतर जिवाणूच मरतील. ओळखीच्या जुन्या टाकीतला वापरता स्पंज मिळाला तर सोनंच! पाणी तपासायच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत नवे मासे नकोत.

पुढे आठ निऑन टेट्रा आणि पाच लहान कोरिडोरास पुरेत. तुमची टाकी जेमतेम पन्नास लिटरची. गोल्डफिश यांच्यात नको, त्याला थंड पाणी लागतं. डिसेंबरात पन्नास वॅटचा हीटर पंचवीस अंशांवर ठेवा.