कळसूबाईच्या पायथ्याला शेतं काळी का?

प्रश्न : मे महिन्यात बारी गावातून कळसूबाई चढलो, शिड्याबिड्या सगळं मस्त, पण खाली बघितलं तर शेतांमध्ये मधेच काळे जळके चौकोन दिसले. वणवा लागला होता का? आणि पुन्हा कधी जावं?

उत्तर : वणवा नाही हो, तो राब आहे! अकोले, इगतपुरी भागात भाताचं रोप जिथं टाकायचं तेवढाच तुकडा पावसाआधी भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडांच्या बारीक फांद्या, गवत असे थरावर थर देऊन वरून थोडी माती टाकतात, म्हणजे भडका न उडता सावकाश धुमसत राहतं. त्यानं तणाचं बी मरतं, राख खत म्हणून कामाला येते आणि रोप जोमात उठतं. मग जुलैत ते रोप उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायचं, त्याला आवणी म्हणतात. फांद्या तोडण्यावरून आता कुरकुर होते, ती अगदीच चूक नाही, पण शहरातून एक दिवस येऊन शेतकऱ्याला शिकवू नये असं आमचं मत.

परत जायचं तर सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट. १,६४६ मीटरवरून, धुकं नसेल तर, अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि भंडारदरा धरणाचं पाणी दोन्ही दिसतं. नवरात्रात मात्र देवीच्या यात्रेची गर्दी, शिड्यांवर लाईन लागते. आणि खाचरांच्या बांधावरून जाताना जरा जपून, बांध फुटला की पाणी जातं आणि शिव्या तुम्हालाच.