सिमेंटच्या कार्बनवर कोडमध्येच मर्यादा आली तर घर महाग होईल का?

सिमेंट-सळई तयार होताना निघणाऱ्या कार्बनवर बिल्डिंग कोडने बंधन घातलं, तर साध्या माणसाने घर बांधायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी बडोद्यात एकवीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाइन करतोय. माझं स्पष्ट मत आहे की बंधन यायलाच हवं.

हिशेब बघा. हजार चौरस फुटांच्या पाच इंची स्लॅबला साधारण ८० पोती, म्हणजे ४ टन सिमेंट जातं. सगळं ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट वापरलं तर अंदाजे साडेतीन टन कार्बन डायऑक्साइड. ३० टक्के कोळशाच्या राखेचं, म्हणजे फ्लाय अ‍ॅशचं पीपीसी सिमेंट घेतलं तर त्यातला एक टन वाचतो, आणि पीपीसीचं पोतं बहुधा स्वस्तच पडतं. भट्टीला सौर वीज लावूनही हे साधत नाही, कारण निम्म्याहून जास्त वायू सिमेंटसाठी भाजलेल्या चुनखडीतूनच सुटतो.

पैसे वाचतात, पण दिवस जास्त लागतात. पीपीसी सावकाश ताकद धरतं. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ ओपीसीला किमान ७ दिवस पाणी मारायला सांगतं, पीपीसीला १०, आणि कोरड्या उन्हाळ्यात १४. इथल्या मांजलपूर भागातल्या एका साइटवर मे महिन्यात कंत्राटदाराने पाचव्याच दिवशी पाणी बंद केलं. स्लॅबला भेगा पडल्या आणि घरमालक काका मला म्हणाले, "तुमच्या राखेच्या सिमेंटनेच घात केला!" फार वाईट वाटलं. म्हणून नुसता आकडा ठरवून भागणार नाही, साइटवर तपासणीही हवी.

२००१ च्या भूकंपानंतर इथे "साहेब, सळई वाढवूनच टाका" हे रोज ऐकतो. भीती खरी आहे, बडोदा भूकंपाच्या मध्यम धोक्याच्या झोन ३ मध्ये आहे. पण बीममध्ये गरजेपेक्षा जास्त सळई कोंबली तर तो इशारा न देता अचानक फुटू शकतो. आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकातलं सळयांचं डिटेलिंग पाळा, त्यात काटकसर नको. स्लॅब-बीमची गरज नसलेली जाडी मात्र काढा, तेवढा कार्बनही वाचतो.

कोळशाची वीजकेंद्रं बंद झाली की राख कुठून आणायची, हा आक्षेप मला रास्त वाटतो. भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी मिसळलेल्या एलसी३ सिमेंटला २०२३ मध्ये आयएस १८१८९ हे मानक मिळालं, आणि त्याला चालणारी चिनी माती आपल्या कच्छातच आहे.

डेन्मार्कने २०२३ मध्ये कार्बनची मर्यादा फक्त १००० चौरस मीटरवरच्या नव्या इमारतींना लावली, लहानांना नुसता कार्बनचा हिशेब मागितला. आपणही तसंच करावं: टॉवर आणि मॉलला मर्यादा, तुमच्या-माझ्या घराला आधी फक्त हिशेब. आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातला जुना वाडा न पाडता जो दुरुस्त करेल, त्याला सूट.