वाचकांचे प्रश्न: अरबी, हिब्रू आणि ग्रंथपालाचं टेबल

प्रश्न: मुलगी बेळगावात बी.ए.ला आहे. सेमिटिक भाषांची, म्हणजे अरबी, हिब्रू, सिरियाक यांची अभ्यासक ग्रंथपाल व्हायचं म्हणते. असं काम खरंच असतं का? शिकायचं कुठे? (एक पालक, खानापूर)

उत्तर: असतं, पण त्याची जाहिरात क्वचितच या नावाने निघते. भारतात असे हस्तलिखितांचे मोठे साठे पाटण्याचं खुदाबख्श ग्रंथालय, रामपूरचं रझा ग्रंथालय, हैदराबादचं सालारजंग संग्रहालय आणि टोंकची अरबी-फारसी संशोधन संस्था इथे आहेत. जवळजवळ सगळीकडे गरज अरबी-फारसीची आहे. हिब्रूच्या भरवशावर इथे नोकरी मिळेल असं समजू नये.

पदवीनंतर दोन वाटा समांतर चालवाव्या लागतात. ग्रंथालयशास्त्रासाठी धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ जवळ आहे. विद्यापीठात सहायक ग्रंथपाल व्हायचं तर त्या विषयात पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि वर नेट ही पात्रता परीक्षा लागते. अरबीसाठी मुंबई विद्यापीठ, हैदराबादचं इफ्लू हे भाषा विद्यापीठ किंवा दिल्लीचं जेएनयू. सिरियाक, म्हणजे केरळच्या जुन्या ख्रिस्ती पंथांची पूजाभाषा, शिकायची तर केरळात कोट्टयमला ‘सीरी’ ही संस्था आहे. क्रम मात्र भाषा आधी, ग्रंथालयशास्त्र नंतर असा ठेवावा. वर्गीकरण वर्षभरात जमतं. टिंबं न दिलेलं अरबी हस्ताक्षर वाचायला डोळा तयार व्हायला फार वेळ जातो. शेजारपाजारी उर्दू असल्याने सीमाभागातल्या मुलांची लिपीशी तोंडओळख लवकर होते. पण उर्दू पुस्तकांचं वळण नस्तालीक, म्हणजे तिरकं उतरतं, आणि अरबी ग्रंथांचं बहुधा नस्ख, म्हणजे सरळ ओळीतलं, त्यामुळे पहिले काही महिने अडखळायला होतंच.

कामाचा आवाका कळायला अडॉल्फ न्यूबाउअर यांचं उदाहरण बघा. १८३१ साली हंगेरीत जन्मलेले हे गृहस्थ १८६८ मध्ये ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात हिब्रू हस्तलिखितांच्या सूचीसाठी रुजू झाले. अडीच हजारांहून अधिक नोंदींची ती सूची छापून आली १८८६ मध्ये. पुढे दृष्टी अधू झाल्याने त्यांना काम सोडावं लागलं. त्यांच्या नोंदींवर नंतरच्या कित्येकांचं संशोधन उभं आहे. पगार आणि प्रसिद्धी यांचा हिशेब करणाऱ्यांनी दुसरं काहीतरी बघावं, हे आमचं स्पष्ट मत.

प्रश्न: आमच्या वाचनालयाला कुणीतरी जुन्या अरबी पोथ्यांचा गठ्ठा दिला आहे. नोंद कशी करायची? (ग्रंथालय सेवक, निपाणी)

उत्तर: आधी पुढची बाजू ठरवा. पोथी उजवीकडून उघडते. शिक्का आणि दाखलांक शेवटच्या पानावर मारला जाणं ही सगळीकडे दिसणारी चूक आहे. बाइंडरही पुष्कळदा नाव उलट्या पुठ्ठ्यावर टाकतो.

मग पानं मोजा. साध्या पेन्सिलीने, पानाच्या दर्शनी बाजूला वरच्या डाव्या कोपऱ्यात क्रमांक द्यावा, शाई नको. पानाच्या मागच्या बाजूला तळाशी डावीकडे एक सुटा शब्द दिसेल. पुढच्या पानाची सुरुवात त्याच शब्दाने व्हायला हवी. जुळला नाही तर पान गहाळ आहे किंवा बांधताना पुढेमागे झालं आहे. हे तपासल्याशिवाय ‘पूर्ण’ असा शेरा लिहू नका.

ग्रंथाचं नाव मुखपृष्ठावर शोधू नका. ईशस्तवनानंतर ‘अम्मा बाद’ हे शब्द येतात, त्यापुढच्या ओळींत लेखक बहुधा नाव सांगतो. सूचीत अक्षरक्रम लावताना आरंभीचं ‘अल्’ सोडून द्यावं, नाहीतर अर्धी सूची ‘अ’खाली जमते. शेवटच्या पानावर नकलाकाराचं नाव आणि हिजरी साल असतं. सालाला ०.९७ने गुणून ६२२ मिळवा: १०६० हिजरी म्हणजे सुमारे १६५०. मूळ लेखकाचं साल आणि नकलेचं साल वेगळ्या रकान्यांत लिहा.

गठ्ठ्यात एखादं हिब्रू छापील पुस्तक निघालं तर त्यावरच्या सालात हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. तिथे १२४० मिळवा. ६०६ दिसलं की १८४६. मुंबईत बेने इस्रायलींसाठी, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंसाठी, मराठी भाषांतरासह शिळाछापाची हग्गादा (वल्हांडण सणाला वाचायची पोथी) निघाली ती त्याच साली.

पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की बुरशी धरते. तुमच्याकडे ते महिनोन्महिने टिकतं. कपाट भिंतीपासून हातभर लांब ठेवा. उन्हात वाळवू नका, सेलोटेप आणि लॅमिनेशन तर नकोच.

प्रश्न: घरातल्या मोडी कागदावर ‘शुहूर सन खमस सबैन अलफ’ आहे. साल कोणतं? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर: शुहूर सन ही जुन्या मराठी कागदपत्रांतली कालगणना. तिचं साल अरबी संख्याशब्दांत लिहितात, एकं आधी मग दहं: खमस ५, सबैन ७०, अलफ १०००. म्हणजे १०७५. शुहूर सनात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंतचा महिना असेल तर ६००. म्हणून १६७४-७५, शिवराज्याभिषेकाचं साल.

फसगत होते ती हा आकडा हिजरी समजल्याने, कारण १०७५ हिजरी म्हणजे १६६४. इ.स. १३४४च्या सुमारास दोन्ही सन जुळत होते. शुहूर सूर्यावर चालतो, मृग लागला की बदलतो. हिजरी वर्ष अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे सुमारे तेहतीस वर्षांत एक वर्षाचा फरक पडत जातो. ‘मया’ म्हणजे १००, ‘मयातैन’ २००. ‘सबा’ ७ आणि ‘सबैन’ ७० यांत, तसेच ‘सीत’ ६ आणि ‘सितैन’ ६० यांत घाईघाईत गोंधळ होतो, तेव्हा शेवटचं अक्षर नीट बघा.

प्रश्न: विजापूरच्या आदिलशाही ग्रंथसंग्रहाचं काय झालं? (एक विद्यार्थी, बेळगाव)

उत्तर: असर महालातली उरलेली हस्तलिखितं १८५३ मध्ये लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या ग्रंथालयात गेली. आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ऑटो लोट यांनी १८७७ साली केलेल्या अरबी सूचीत त्यांतल्या अरबी ग्रंथांच्या नोंदी सापडतात. संदर्भ देताना त्या सूचीतला क्रमांक आणि ग्रंथालयाचा आजचा क्रमांक, दोन्ही लिहावेत. एकावरून दुसरा ओळखता येत नाही.