लडाखातला पहिला डोंगर

कळसूबाई झपाझप चढता, हे छानच. पण कळसूबाई १,६४६ मीटर, आणि लेहला विमानातून उतरताच तुम्ही सुमारे ३,५०० मीटरवर असता. तिथे दमापेक्षा उंचीची सवय महत्त्वाची. पहिले दोन दिवस नुसता आराम, भरपूर पाणी, संध्याकाळी बाजारात हळूहळू फेरी. बहुतेक नवखे इथेच चुकतात: अंगात जोर वाटतो म्हणून दुसऱ्याच दिवशी ‘खारदुंग ला’ ही उंच खिंड गाठतात आणि रात्रभर डोकं धरून बसतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शाम खोऱ्यात लिकीर ते यांगथांग चाला. वाटेत छोट्या खिंडी आहेत, सुरुवातीला तेवढ्या पुरे.

- गाईडच्या मागेच राहा. बोलता बोलता चालता येईल, इतकाच वेग ठेवा.
- वाटेवर सावली जवळजवळ नाहीच. रुंद टोपी, गॉगल, सनस्क्रीन हवंच. कोरड्या हवेत घाम कळत नाही, म्हणून तहानेची वाट पाहू नका.
- डोकं दुखलं, मळमळलं तर गाईडला लगेच सांगा. लाजून गप्प राहणं सगळ्यांत धोक्याचं. त्रास वाढला तर खाली उतरायचं, शिखर-बिखर नंतर.

बूट मात्र इथेच, सह्याद्रीत, दोन-तीन ट्रेक वापरून मगच न्या. बाकी सामानाचं पुढे बोलू.